कोरी वही पाहून भांडायला येणाऱ्यांसाठी

नागपुरातील प्रतापनगर असो, त्रिमूर्तीनगर असो की मनीषनगर, बालवाडी सुटताना फाटकाशी एकच देखावा दिसतो. मुलाच्या डोक्यावरून हात फिरण्याआधी दप्तरातील वही बाहेर निघते, पाने उलटली जातात आणि विचारणा होते, "मॅडम, आज काहीच शिकवलं नाही का?" मी बालवाडीत शिकवते आणि या प्रश्नाने आता माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्या मुलाने दिवसभरात तुरीची डाळ चमच्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत भरलेली असते, सांडलेला दाणा न् दाणा चिमटीने उचललेला असतो, शेजारच्या मुलीने चमचा मागितल्यावर आधी साफ नकार देऊन मग आपणहून तो तिच्यापुढे केलेला असतो आणि "माझी डाळ जास्त, तुझी कमी" असे ठणकावून गणिताला हातही घातलेला असतो. वहीत यातले काहीच उमटत नाही, म्हणून ते घडलेच नाही! मनगटात आठ लहान हाडे असतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांपैकी बरीचशी अजून कूर्चाच, म्हणजे मऊ, असतात, हे कोणत्याही बालरोगतज्ज्ञांना विचारावे. त्याच मनगटाकडून चौकटीच्या वहीत शंभरपर्यंत अंक लिहून घ्यायचे आणि पुढे मूल अभ्यासाचे नाव काढताच रडते म्हणून तक्रारही आपणच करायची, याला काय म्हणावे?

दुसरी मंडळी याच्या अगदी उलट. "तुमचं बरं आहे, दिवसभर मुलांशी खेळायचं," असे ती हसत हसत सुनावतात. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याची जागा, असाही त्यांचा ठाम समज असतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा आहे, याचा त्यांना पत्ता नसतो. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन जे उभे केले, ते काय मुले सांभाळण्यासाठी?

इंग्रजीचा सोस तर विचारूच नका. शहरातील एका शाळेने पालकांना घरी मराठी बोलू नका असे बजावले आणि पालकांनी ते निमूटपणे ऐकले, इतकेच नव्हे तर नातवाला वऱ्हाडीत गोष्ट सांगणाऱ्या आजीलाच गप्प बसवले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणते आणि तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचा मानते. पण धोरण वाचतो कोण? पाटीवर 'मॉन्टेसरी', म्हणजे मुलांना साहित्य हाताळून आपापल्या गतीने शिकू देणारी पद्धत, असे लिहिलेले असले की झाले, मग आत बाके, फळा आणि छडी असली तरी चालते.

केजी टूमध्ये लिहिता-वाचता आले नाही, तर पहिलीला प्रवेश मिळणार नाही, ही धास्ती मला समजते. परंतु प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने २००९ मध्येच मनाई केली आहे आणि पहिल्याच उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. भांडायचेच असेल तर चाचणी घेणाऱ्या शाळेच्या फाटकावर जाऊन भांडावे. तेथे मात्र हीच मंडळी हात बांधून रांगेत उभी असतात.