हात वर केले की संपलं

गेले चार दिवस साताऱ्यातल्या ग्रुपांवर फीवाढीविरुद्ध आंदोलन करणाऱ्या पोरांबद्दल एक मेसेज फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तर एका दिवसात तीनदा आला. "जवान शत्रूला मारतो, त्याला आपण पदक देतो. युद्धात मारणं पुण्य, मग कॉलेजच्या दारात घोषणा देणाऱ्यांना फोडलं तर ते पाप कसं?" आणि खाली आणखी तीन मुद्दे. मी फौजीची मुलगी आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

'युद्धात मारणं पुण्य' हे कुठल्या फौजीनं सांगितलं? अण्णा १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते. त्यांचं पदक ट्रंकेत, जुन्या मफलरीत गुंडाळलेलं असायचं. किती मारले, असं आम्ही पोरांनी विचारलं की ते उठून गोठ्यात जायचे. सांगायचे ते फक्त शरण आलेल्यांबद्दल. "त्यानं हात वर केलं की संपलं. मग त्यो कैदी. त्येला पानी द्यायचं, हात न्हाई लावायचा." त्या युद्धात सुमारे ९३,००० लोक आपल्या कैदेत आले आणि पुढे परत पाठवले गेले. अण्णांना १९४९ चे जिनिव्हा करार ठाऊक असतील-नसतील, पण ते सांगत ते त्यातलंच होतं. समोरचा लढतोय तोवरच त्याला मारण्याची मुभा. जखमी होऊन पडला, शस्त्र टाकलं, की ती मुभा गेली. मग फीवाढीविरुद्ध पायरीवर बसलेली, हातात पुठ्ठ्याचा फलक धरलेली पोरगी यात कुठं बसते? तिनं शस्त्र उचललेलंच नाही. शत्रूच्या सैनिकाला जे मिळतं तेही तिला नाकारायचं, आणि वर जवानाचा फोटो लावायचा, याचा मला संताप येतो.

दुसरा मुद्दा, 'जवान प्रश्न विचारत नाही, यांनीही विचारू नयेत.' आपल्या १९५० च्या सेना कायद्यात हुकूम मोडणं गुन्हा आहे, पण तो हुकूम कायदेशीर असला तर. व्हिएतनाममधल्या माय लाईत १६ मार्च १९६८ ला अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत सुटले, तेव्हा ह्यू थॉम्पसन या त्यांच्याच वैमानिकानं आपलं हेलिकॉप्टर मध्ये उतरवलं. या सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळी झाडली तर त्यांच्यावर, आपलेच असले तरी, गोळ्या झाडा, असं त्यानं साथीदारांना बजावलं. पदक त्यालाही मिळालं, तीस वर्षांनी.

तिसरा, 'अमेरिकेनं १९७० ला विद्यार्थ्यांवर गोळ्या घातल्या आणि आंदोलन थंड झालं.' साफ खोटं. ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनावर नॅशनल गार्डनं, म्हणजे तिथल्या राखीव फौजेनं, १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी गेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी सगळ्यांत जवळचा सुमारे २६५ फुटांवर होता. दोघं तर आंदोलनात नव्हतेच, आणि त्यांतला एक सैन्यात अधिकारी होण्याचं प्रशिक्षण घेत होता. आंदोलन थंड होणं दूरच, देशभरातली शेकडो कॉलेजं संपावर गेली.

'देशभक्त मोर्चे काढत नाहीत', हे साताऱ्यात बसून लिहिणाऱ्यानं वडूजला जाऊन यावं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथल्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे हुतात्मा झाले.

आमच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं, "आणि पोरांनी दगड मारले तर?" प्रश्न रास्त आहे. काका, दगड मारणाऱ्याला पकडावं, गुन्हा नोंदवावा, कोर्टात उभं करावं. आवरायला लागेल तेवढं बळ पोलिसांनी जरूर वापरावं. पण पकडलेल्याला, पळणाऱ्याला, खाली पडलेल्याला बडवणं म्हणजे आवरणं नव्हे. आपल्या जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे आधी फौजेत होते, मग पोलिसात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात लाठी होती आणि समोर कसाबची एके-४७. त्यांनी नळी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. त्यालाही वकील मिळाला, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत चालला, आणि मगच फाशी झाली.