डब्यावर लिहा ना आत काय आहे ते

रेट्रो गेमिंगच्या ग्रुपांवर कुणी ना कुणी विचारतंच, एकाच डब्यात निन्टेंडो, सुपर निन्टेंडो, सेगा सगळ्यांच्या कॅसेट चालणारा कन्सोल घेऊ का? आणि खाली उत्तरं काय, तर केवढ्याला पडला, एचडीएमआय आहे का, कंट्रोलर वायरलेस का. आत नेमकं काय बसवलंय हे कुणी विचारत नाही, आणि माझं ठाम मत आहे की पहिला प्रश्न तोच पाहिजे.

बाहेरून सगळे सारखेच दिसतात हो. पण एफसी ट्विन, सुपर रेट्रो ट्रायो ही चिपवाली जात. निन्टेंडोच्या मूळ मशीनचं सगळं काम एकाच चिपमध्ये कोंबायचं, स्वस्तातल्या बोर्डावर तो काळा थेंब दिसतो ना, तीच ती. मारिओ झकास चालतो, पण आवाज नीट कान देऊन ऐका. बऱ्याच क्लोन, म्हणजे नक्कल केलेल्या, चिपांमध्ये साउंडच्या दोन सेटिंग्ज उलटसुलट झाल्यात, त्यामुळे पाठ असलेली धून पण भलतीच वाजते. आणि कॅसलव्हेनिया ३ सारखा गेम तर अशा कितीतरी मशीनवर सुरूच होत नाही, कारण त्याच्या अमेरिकन कॅसेटमध्ये एमएमसी५ नावाची जास्तीची चिप आहे आणि क्लोनला ती झेपत नाही.

मग २०१४ मध्ये हायपरकिन कंपनीचा रेट्रॉन ५ आला, पाच स्लॉट, लोक तुटून पडले. तो मुळात अँड्रॉइडवर चालतो, तुम्ही कॅसेट घातली की आधी आतला गेम स्वतःच्या मेमरीत कॉपी करून घेतो आणि मग एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवतो. यात वाईट काही नाही, एम्युलेटर उत्तम असतात. पण ते लिहिले कुणी? वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या लोकांनी. स्नेस९एक्स आणि जेनेसिस प्लस जीएक्स या एम्युलेटरांच्या लायसन्समध्ये सरळ लिहिलंय की धंद्यासाठी वापरायचं नाही, आणि त्याच वर्षी अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रोग्रामच्या टीमने जाहीर आरोप केला की आमचा आणि या दोघांचा कोड या मशीनमध्ये आहे. मला याचा खरंच राग येतो. १४० डॉलर गिऱ्हाईकाकडून घ्यायचे आणि ज्याच्या जिवावर मशीन चालतंय त्याला विचारायचं पण नाही?

एफपीजीए हा तिसरा मार्ग, म्हणजे मूळ हार्डवेअर जसं वागायचं तसंच वागणारं सर्किट चिपमध्ये उभं करायचं. अ‍ॅनालॉग कंपनीचा सुपर निन्टेंडोसाठीचा सुपर एनटी २०१८ चा, सेगासाठीचा मेगा एसजी २०१९ चा, दोन्ही आले तेव्हा साधारण १९० डॉलरला होते. काम अप्रतिम आहे, पण मुख्यतः एका डब्यात एकच सिस्टिम. सगळं एकात हवं आणि स्वस्तात हवं म्हटलं की कुठेतरी तडजोड आलीच, आणि ती कुठे केलीय हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे? अमुक एम्युलेटर, अमुक चिप, अमुक गेम चालत नाहीत. बस, एवढंच मागणं आहे.

आपल्याकडच्यांना हे जास्त कळायला हवं, कारण आपली अख्खी पिढी क्लोनवरच वाढलीय. घरोघरी जो टीव्ही गेम होता, काँट्रा, रोड फायटर, टँकवाला बॅटल सिटी, तो जवळपास सगळा फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी मशीनच्या, नकलांवरच खेळला आपण. क्लोनला नाक मुरडायचा प्रश्नच नाही, त्यांच्यामुळेच हे गेम आपल्यापर्यंत पोचले, मला त्यांच्याबद्दल मनापासून प्रेम आहे.

म्हणून माळ्यावरच्या कॅसेट काढून कुणी नवीन कन्सोल मागवणार असेल तर थांबा. आपल्या त्या कॅसेट फॅमिकॉमच्या मापाच्या, ६० पिनांच्या. अमेरिकेतल्या ७२ पिनांच्या. फक्त अमेरिकन स्लॉट असलेल्या क्लोनमध्ये आपली कॅसेट अडॅप्टरशिवाय बसणारच नाही. रेट्रॉन ५ ला फॅमिकॉमचा वेगळा स्लॉट आहे, पण तो कॅसेट ओळखून मग चालवतो, त्यामुळे ९९९९ इन वन टाइपच्या कॅसेटींना बरेचदा दाद देत नाही. आणि डक हंटची बंदूक एलसीडी टीव्हीवर चालत नाही, ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या टायमिंगवर बेतलेली होती, त्यासाठी डब्बा टीव्हीच लागतो. विकणाऱ्याला हे सगळं आधी विचारा, आणि गोलमोल उत्तर आलं तर पैसे देऊ नका.