भर उन्हातला डिस्को

डिस्को पार्टीला सगळ्यात आधी लागतो अंधार. आता मे महिन्यात लातूरला संध्याकाळी पाच वाजता अंधार कुठून आणायचा ते सांगा. रात्री ठेवा म्हणाल तर ते जमत नाही, कारण आमच्याकडं सहावीत जाणाऱ्या लेकराला सुट्टीतसुद्धा सकाळी व्हेकेशन बॅच, दुपारी फाउंडेशन आणि रात्री ऑनलाइन टेस्ट असते. लातूर पॅटर्न, म्हणजे आमच्याकडची ती क्लास आणि टेस्टची रगड, पूर्वी दहावी-बारावीपुरता होता, आता झिरपत झिरपत पाचवीपर्यंत खाली आलाय. ग्रुपवर लेकीच्या वाढदिवसाचं निमंत्रण टाकलं तर पहिल्या आईचा रिप्लाय "हॅपी बर्थडे" नव्हता, "किती वाजता सोडणार" असा होता. तर सगळ्यांच्या बॅचेस टाळून जी फट उरली ती रविवारी पाच ते आठ.

लेकीच्या अटी आधीच ठरलेल्या. अकरा वर्षं पूर्ण होणार, त्यामुळं जादूगार नको, टॅटूवाला नको, संगीतखुर्ची तर अजिबात नको, ते सगळं लहान मुलांचं असतंय म्हणे. डिस्को पाहिजे. आणि मोठी माणसं हॉलमध्ये नकोत. मी म्हणलं, मग आम्ही कुठं जायचं? तर म्हणे किचनमध्ये.

अंधार करायला घेतला. खिडक्यांना सोलापुरी चादरी, बाल्कनीच्या दाराला सतरंजी, वरच्या झरोक्यांना वह्यांचे खाकी कागद. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई दुपारची झोप काढून बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या, "कामून गं भर दिवसा अंधार केलाय? कोण गेलं?"

बरं अंधार झाला की हवा बंद, म्हणून कूलर लावायचा, तर कूलरला एक खिडकी उघडी लागते नाहीतर तो नुसता दमट वारा गोल गोल फिरवतो, आणि खिडकी उघडली की ऊन आत, म्हणजे डिस्को गेला. तेव्हा उन्हाळ्यात डिस्को आणि कूलर एका खोलीत नांदत नाहीत हे ध्यानात ठेवा. आम्ही मधला मार्ग काढला, खिडकी उघडी आणि तिच्यावर आत्याबाईंची जुनी इरकल साडी सोडलेली. वाऱ्यानं इरकल उडाली की एक सेकंद उजेड, मग परत अंधार. लेकरांना वाटलं हे पण लायटिंगच आहे.

लाइट आणायला भाच्याला घेऊन गंजगोलाईत, म्हणजे आमच्या गोल बाजारपेठेत, गेले होते. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, सोनं, चपला, मिरची, गूळ काय म्हणाल ते आहे, पण बारीक बारीक आरशांचा तो खरा गोळा म्हणलं की दुकानदार मांडववाल्याकडं बोट दाखवतो. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळं त्याला सगळंच माहीत असतं. त्यानं गर्दीत उभ्या उभ्या मोबाइलवर शोधून सांगितलं, मावशी, या गोळ्याचं अमेरिकेतलं पेटंट १९१७ चं आहे. आता गोलाईची मधली इमारतसुद्धा १९१७ चीच. म्हणजे त्याच साली तिकडं त्यांनी गोल केला तो फिरायला लागला, आणि इकडं आपण गोल केला त्याच्याभोवती आपण अजून फिरतोय, पार्किंग शोधत. शेवटी आतून लाल-हिरवा पेटणारा प्लॅस्टिकचा घेतला. चालतंय.

पाचला लेकरं आली. दाराबाहेर बुटांचा ढीग पडला, सगळे सारखेच काळे-पांढरे, तेव्हा मी त्याच्याकडं बघितलंपण नाही. आत गेली आणि पोरं कूलरच्या भिंतीला, पोरी शोकेसच्या भिंतीला चिकटून उभ्या. मध्ये मोकळी फरशी आणि तिच्यावर फिरणारे लाल-हिरवे ठिपके. भाच्यानं गाणं लावलं. कुणी हलेना. मी किचनच्या दारातनं डोकं काढून "नाचा की रे" म्हणलं तर लेकीनं अशी नजर टाकली की मी परत कांदा चिरायला गेले.

मग पोरींनी गाण्यांची यादी दिली आणि खरी गंमत तिथं कळली. या लेकरांना कुठलंच गाणं पूर्ण येत नाही. रीलमध्ये असतंय तेवढा तुकडा येतो, त्याच्या स्टेप अगदी हातवाऱ्यासहित पाठ, तो तुकडा आला की पंधरा सेकंद असला कडक डान्स की बघत राहावं आणि तुकडा संपला की सगळ्या जागेवर उभ्या, पुढं पण गाणं असतंय हे त्यांना ठाऊकच नाही. भाचा बिचारा मिनिटाला चार गाणी बदलून घामाघूम झाला. त्यात यूट्यूब फुकटातलं, मध्येच सोयाबीनच्या बियाणाची जाहिरात लागली, पेरणी तोंडावर आलेली ना. "भरघोस उत्पन्न" म्हणून तो माणूस ढोलकीवर ओरडला आणि इतका वेळ भिंतीला चिकटलेली पोरं एकदम मध्ये येऊन उधळली! जाहिरात संपल्यावर "वन्स मोअर". लेकीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

एकदा सुटल्यावर पोरं आवरतात होय. दमट कूलरनं फरशी निसरडी झाली होती, तर त्यांनी पळत येऊन गुडघ्यावर घसरत जायची स्पर्धा काढली, शोकेसपासून सोफ्यापर्यंत. पोरींचं वेगळंच, एकीला बाथरूमला जायचं तर सोबत सहाजणी, आणि आत गेल्यावर प्रत्येकीनं एकदा फ्लश ओढायचा. आवाज ऐकून आत्याबाईंच्या छातीत धडधड. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव आहे हे, इथं टाकीचं पाणी असं जाताना ऐकवत नाही. त्या बाथरूमच्या दारात खुर्ची टाकूनच बसल्या, "एकदाच गं बायांनो, एकदाच."

अंधारात चमकणाऱ्या कांड्यापण आणल्या होत्या, मोडली की पेटते ती. आत काचेची बारीक नळी असते, ती फुटून दोन रसायनं एकत्र येतात. भाचा म्हणाला गरम हवेत ती जास्त उजळ पेटते पण लवकर विझते. तसंच झालं, केक यायच्या आत निम्म्या मेल्या. राहिलेल्या फ्रीजरमध्ये टाकल्या, थंडीत जास्त टिकतात म्हणून.

मग आले शेजारचे काका. रिटायर झाल्यापासून यांचा नियमांचा अभ्यास दांडगा. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप उघडून दारात उभे. "रहिवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल, नियम २००० सालचा आहे, तुमच्याकडं नव्वद दाखवायलंय." बरोबर होतं त्यांचं, काय बोलणार. मी भाच्याला गाणं बंद करायला लावलं. गाणं बंद झालं आणि आतनं वीस लेकरं एका सुरात "ओऽऽऽ" करून ओरडली. काकांनी ॲपकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "लावा, गाणंच लावा."

एक पोरगी किचनमध्ये येऊन रडायला लागली. काय झालं विचारलं तर सांगेना, तिला समजावायला आलेली दुसरी पण रडायला लागली, मग तिसरी. माझ्या हातात पिझ्झ्याचं खोकं. पाचव्या पोरीनं शेवटी खुलासा केला की हिच्या बेस्ट फ्रेंडनं ती ठरलेली स्टेप दुसरीबरोबर केली. यावर मी काय तोडगा काढणार, एकेक वेफर दिला. दोन मिनिटांनी बघते तर तिघी गळ्यात गळे घालून उड्या मारायल्यात आणि ती पाचवी एकटीच फुगून बसलेली.

पिझ्झ्यातली ढोबळी मिरची वेचून वेचून लेकरांनी सोफ्याच्या फटीत घातली ते दुसऱ्या दिवशी कळलं. आत्याबाईंनी परातभर सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तिखट चिवडा, केला होता, त्याला कुणी हात लावणार नाही असं मला वाटत होतं, पण साडेसातलाच न्यायला आलेले बाप लोक जिन्यात उभं राहून दह्यासोबत सगळा संपवून गेले. "आवो, असं असंल तर दर महिन्याला डिस्को ठेवा" असं एकजण म्हणालासुद्धा.

साडेआठला घर रिकामं झालं. नऊला फोन. "ताई, आमच्या पोराचा उजवा बूट तुमच्याकडं ऱ्हायलाय का? दोन्ही डावेच घालून आलंय." ढीग होता तिथं जाऊन बघितलं, काहीच नव्हतं. म्हणजे कुणाचं तरी पोरगं दोन उजवे घालून घरी गेलंय. ग्रुपवर मेसेज टाकला, ज्यांच्याकडं दोन उजवे आलेत त्यांनी कळवावं. सगळ्यांनी अंगठा दाखवला.