ती जेलीफिशची अंडी नाहीत, आणि प्रवाळ पण मारत नाहीत

परवापासून एक व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय, प्रवाळाच्या भोवती काचेच्या मण्यांसारखे हजारो गोळे तरंगतायत आणि खाली लिहिलंय की ही जेलीफिशची अंडी, अंगाला लागली की भाजतं, समुद्र सडल्याची खूण आहे, आणि हाच थर प्रवाळाला गुदमरवून मारतो. यातलं काहीच बरोबर नाही.

अंडी? अहो ते सॅल्प आहेत, जिवंत हालते प्राणी. झूम करून बघा ना, दोन्ही टोकांना उघडं पारदर्शक पिंप, त्याला आडवे पट्टे म्हणजे स्नायू, आणि मागच्या बाजूला एक गडद ठिपका दिसतो ते पोट-आतडं. पुढून पाणी ओढायचं मागून सोडायचं, त्यातच पोहणं झालं आणि त्यातच जेवण, कारण आत चिकट जाळं असतं त्यात बारीक शेवाळ अडकतं. आणि हे जेलीफिशचे भाऊबंद नाहीतच, कणा नसला तरी कॉर्डेटा संघातले आहेत, ज्यात कणा असलेले सगळे प्राणी येतात, म्हणजे नात्याने आपल्याला जास्त जवळचे!

भाजतं म्हणे. सॅल्पकडे डंखाच्या पेशीच नसतात. पावसाळ्यात जुहू-गिरगावला ब्लू बॉटल नावाचे निळे, जेलीफिशसारखे जीव येतात ते खरंच डंख मारतात, त्यांच्यापासून लांब राहा, पण ते प्रकरण वेगळं.

समुद्र सडलाय हे पण नाही. खालचं थंड पाणी वर आलं की शेवाळ वाढतं, मग एकटा सॅल्प स्वतःच्या शरीरातून पिल्लांची अख्खी माळ सोडतो आणि थोड्याच दिवसांत पाणी भरून जातं, सांडपाणी लागत नाही त्याला. त्यांची विष्ठा जड असते, भराभर तळाला जाते आणि सोबत कार्बन पण नेते. हां, त्रास होतो कधीकधी, 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन अणुवीज केंद्राच्या पाणी घ्यायच्या जाळ्या सॅल्पनीच तुंबवल्या होत्या.

पण प्रवाळ मारतात हे तर अगदी उलटं आहे, प्रवाळच त्यांना खातं! बोर्निओत साबाहच्या किनाऱ्यावर मशरूम कोरल नावाचं प्रवाळ सॅल्प गिळताना सापडलंय, 2012 मध्ये त्यावर शोधनिबंध आलाय. थायलंडच्या को ताओ बेटाजवळ तर हेटरोप्सॅमिया नावाचं बोटाच्या पेराएवढं प्रवाळ, तेसुद्धा तोंड एवढं मोठं वासतं की सॅल्प आत जातो.