कृपया बॉनेट उघडू नये

मंडईत पाव किलो भेंडी घेताना प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघणारा माणूस साडेचार लाखांची जुनी गाडी बघायला गेला की एकदम खानदानी होतो. ही सभ्यता टिकलीच पाहिजे. गाडी चकाकते आहे, डॅशबोर्डवर गणपती आहे आणि मालक सांगतोय, "डॉक्टरांची गाडी हो, घर ते दवाखाना." आता याउपर तपासणं म्हणजे अपमानच.

वेळ दिवेलागणीची ठेवा, आणि निघताना फोन करा, म्हणजे मालक गाडी सुरू करून गरम ठेवेल. सकाळी न सांगता जाऊन थंड इंजिन स्वतः सुरू करणारे लोक आगाऊ असतात. थंड इंजिनाला खोटं बोलता येत नाही. रात्रभर झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यांतून) उतरलेलं ऑइल पहिल्या स्टार्टला निळा धूर होऊन बाहेर येतं, आणि मग दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर तो थंडीचा समजा. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीसारखा फेस दिसला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळतंय, बहुधा हेड गॅस्केट (दोन्ही वेगळं ठेवणारं इंजिनातलं पॅकिंग) गेलं आहे, असं मेकॅनिक सांगेल. म्हणून मेकॅनिकला नेऊच नका. त्याचे हजारभर रुपये वाचले.

संध्याकाळचा आणखी एक फायदा: रंग एकसारखा दिसतो. उन्हात बाजूने तिरकं बघितलं की एका दाराची छटा वेगळी निघते. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर चिकटता चिकटता एका जागी सुटतं, तिथे ठोकर झाकायला भरलेली पुट्टी असते. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारं मीटर तर फारच चहाडखोर. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० दाखवतं आणि पुट्टीवर ५०० च्या पुढे पळतं. फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टांवरचा रंग पान्याने उडालाय का, दाराचं रबर ओढल्यावर पिलरवर (दाराच्या खांबावर) कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके ओळीत आहेत का, हे बघायला वाकावं लागतं. आपली कंबर मोलाची आहे. "बंपर जरा घासला होता," असं तो म्हणालाय ना? मग त्यामागचा बीम आपोआप वाकला असेल.

पुराचा विषय तर काढूच नका. पूर म्हटलं की आपल्याला पुणेकरांना १९६१ चं पानशेत आठवतं, आणि त्या वेळची गाडी कोणी विकायला आणत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी भरलं. पार्किंगमधल्या गाड्या त्या वेळी पोहायला गेल्या नव्हत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढलात, तर आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसू शकते. सीट सरकते त्या रुळांखाली आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गंज, कार्पेटखाली कुबट वास. वास झाकायला उदबत्तीचा फ्रेशनर लावलाय, त्याचं कौतुक करा. वायरिंगचे कनेक्टर आतून हिरवे पडून महिन्याभराने एकेक दिवा मान टाकू लागेल, ते पुढचं पुढे.

मीटरवर २८,००० किलोमीटर आहे आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय? डॉक्टर वजनदार असतील. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, रनिंग एवढंच आणि चारही टायर २०२३ चे, हे गणित घालू नका, मीटर मागे फिरवलेलं निघेल. गणिताने मैत्री तुटते.

टेस्ट ड्राइव्ह सोसायटीला एक चक्कर, बस. कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्या गिअरला दाबून बघितली तर आरपीएम (इंजिनाचे फेरे) वर जातो आणि गाडी तिथेच रेंगाळते, म्हणजे क्लच प्लेट संपलेली. गतिरोधकावर खडखडली तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश गेलेला. एसी लावा आणि रेडिओ मोठा करा, काही ऐकू येणार नाही.

कागद? आरसी बुकावर बँकेचा बोजा असला तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हवं, पण "देतो पुढच्या आठवड्यात" हा शब्दही कागदच धरा. चॅसिस नंबर ताडून बघायला पुन्हा वाकणं आलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, तारखेची जागा कोरी असू द्या. विमा १४ दिवसांत नावावर करायचा असतो, पण एवढ्यात कोण ठोकणार आहे? राहिलेली ई-चलनं हप्त्याहप्त्याने कळतील.

टोकन द्या, चावी घ्या आणि पूजेला तडक सारसबाग गाठा. बाहेर नारळ घ्याल, तेव्हा मात्र कानाशी धरून नीट हलवून बघा. नासका निघतो कधीकधी.