‘कैद्यांना फुकट डिग्री’वाला तो फॉरवर्ड

‘पोरांच्या फीपायी आपण कर्जबाजारी, आणि गुन्हेगारांना तुरुंगात फुकट डिग्री, वाचनालयाची चैन, वर शिक्षेत सूट!’ असा फॉरवर्ड ग्रुपाग्रुपावर फिरतोय. फीचा संताप खरा आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘गुन्हेगारांना’? एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशभरच्या तुरुंगांतले ७५.८ टक्के लोक कच्चे कैदी होते. खटला चालू, निकाल नाही. उद्या निर्दोष सुटणारेही त्यातच. शिवाय एकूण बंद्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश दहावीपर्यंतसुद्धा पोचलेले नाहीत. म्हणजे डिग्री ही मूठभरांची गोष्ट. बाकीच्यांची गरज आपल्यावरचं कलम वाचता येण्याची, वकालतनाम्यावर अंगठ्याऐवजी सही करण्याची.

‘फुकट डिग्री’? इग्नूने (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने) बंद्यांना फी माफ केली, हे खरंच. पण ते मुक्त विद्यापीठ आहे. तुमच्या मुलीची इंजिनिअरिंगची जागा त्यात जात नाही, आणि तिची फी येरवड्यात कुणी बी.ए. करतोय म्हणून वाढलेली नाही. ती का वाढली, ते संस्थाचालकांना विचारा की!

‘सूट’? तिला आत माफी म्हणतात आणि ती पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यालाच मिळते. कच्च्याला शिक्षाच झालेली नाही, तर सूट कशातून देणार?

यावर कुणी म्हणेल, ‘शिकून कुठे सुधारतात?’ अमेरिकेत रँड संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष काढला: आत शिकलेल्यांचं पुन्हा तुरुंगात येण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा शंभरामागे तेराने कमी. शिक्षणावरच्या एका डॉलरमागे सुटकेनंतरच्या तीन वर्षांत तुरुंगाचा चार-पाच डॉलर खर्च वाचतो. करदात्याचा कळवळा असणाऱ्यांनी हा हिशेब जरूर फॉरवर्ड करावा.

राहिली वाचनालयाची ‘चैन’. तळोजा तुरुंगात एका कच्च्या कैद्याला घरून आलेलं वुडहाउसचं पुस्तक सुरक्षेच्या नावाखाली नाकारलं गेलं. वुडहाउस हा इंग्रजी विनोदी लेखक, म्हणजे निव्वळ विनोद! एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकाराला हास्यास्पद म्हटलं.

हे जुनंच दुखणं आहे. साठच्या दशकात मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं, तेही सरकारच्याच परवानगीने. हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवायचं म्हटल्यावर मात्र सरकार अडून बसलं. म्हणे, नियमांत दिलेत तेवढेच हक्क, आणि पुस्तक छापणं त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये सरकारचं अपील फेटाळलं. नियमांत मनाई नाही, तर अडवता येणार नाही. अणूची मूलतत्त्वं सांगणाऱ्या एका मराठी पुस्तकासाठी सरकार थेट दिल्लीपर्यंत भांडलं होतं.