जाळ्याचंच कासव
ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टोरेस सामुद्रधुनीतल्या एरब बेटावरचे कलाकार समुद्रात वाहत आलेल्या बेवारस जाळ्यांची कासवं, मासे बनवतात हे वाचून भारी वाटलं, त्यांच्या कासवाचा फोटो झूम करून बघा, पाठीवरचा हिरवा-निळा रंग वरून मारलेला नाही, जाळ्याच्या दोऱ्याचाच आहे. अन् ज्यात अडकून कासवाला श्वासाला वर येता येत नाही त्याच जाळ्याचं कासव, डोकं चालतं बुवा लोकांचं! आम्ही भुसावळकडचे, समुद्र लांब, पण हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पण फाटकी तंगूसची जाळी बाभळीला लोंबतात, नायलॉन सडत नाही, पाणकावळा एकदा पायाने गुंतला की संपलं. इथल्या चित्रकलेच्या सरांनी थर्माकोलचे मासे बंद करून हे घ्या ना शाळेत, फक्त जाळं आधी धुवा भो, वास लय मारतो